ओव्हनातल्या चाकोल्या

माय,

तुला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला मुद्दाम बसून काही लिहावं असं घडलं नाही, आणि घडलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तसा विचारच केला नाही. पण यंदा होळीला मी जे करून बसलो ते सांगायला या घरात माणूस उरलेलं नाही. मुलापुढे विषय काढला की तो हसू दाबत गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडतो. सूनबाईपुढे काढायची माझी छाती नाही. नातवंडांना काय सांगणार, ती तर गुन्ह्यात माझ्यासोबतच होती. राहिलीस तू. तर आडपडदा न ठेवता सांगतो, मी सूनबाईच्या केकच्या ओव्हनमध्ये शेण वाळवलं.

ओव्हन तू पाहिलेला नाहीस. विजेवर चालणारी पेटी असते, काचेचं दार असलेली, आत दिवा लागतो आणि जाळाशिवाय सगळं भाजून निघतं. सूनबाई त्यात वाढदिवसाचे केक करते. वाशीमात आमच्या कॉलनीपासून पार कोर्टामागच्या गल्लीपर्यंत तिच्या केकचं नाव आहे. हात धुतल्याशिवाय ती त्या पेटीला शिवत नाही, आणि दुसऱ्या कोणाला तर शिवूच देत नाही. आपल्या घरी देव्हाऱ्याचं जेवढं सोवळं नव्हतं तेवढं इथे ओव्हनचं आहे. माझी बायको, तुझी सून, गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मी स्वयंपाकघरात चहापुरता जातो आणि पेटीपासून दोन हात लांबून चालतो.

आता अडचण कुठे होती ते सांगतो. सूनबाईला या उन्हाळ्यात महिनाभर अमरावतीला जायचं आहे, केकचंच पुढचं शिक्षण घ्यायला. मुलगा दिवसभर ड्यूटीवर असतो. म्हणजे पोरं, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा सहाचा, एक तर माझ्याजवळ राहणार नाही तर धनजला सूनबाईच्या आईकडे जाणार. मला ती माझ्याजवळ हवी होती. ती शाळेत जातात तेवढा वेळसुद्धा हे घर मला खायला उठतं, मग महिनाभर मी कुठे जाऊन बसलो असतो ते मलाच ठाऊक नाही. सूनबाईचं मन मात्र घेत नव्हतं. त्याला कारणही मीच. मागच्या दिवाळीनंतर मी धाकट्याला न्हाव्याकडे नेलं आणि पुढे केस दाट येतील म्हणून डोकं तुळतुळीत करून आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत फोटो होता. तो फोटो आता भिंतीवर आहे. सूनबाई आधी त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते.

तेवढ्यात होळीच्या तोंडावर तिच्या बहिणीचा साखरपुडा निघाला, धनजलाच. मुलाला आणि सूनबाईला जाणं भाग होतं, पण पोरांची शाळा होती. सूनबाईनं दोन दिवस विचार केला, दोन दिवसांच्या सूचना कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या, आणि निघताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, दोन दिवस पोरं तुमच्यापाशी ठेवून पाह्यतो. नीट राह्यले तं मंग उन्हायाचं पाहू." माय, तीस वर्षं मी कोर्टाच्या दारात उभा राहून लोकांच्या नावांचा पुकारा केला आहे. अटीवर दिलेला जामीन कसा असतो ते मला कोणी सांगायला नको. मी मान डोलावली आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभा राहिलो.

पहिला दिवस दृष्ट लागावी असा गेला. पोरं वेळेवर शाळेत गेली, वेळेवर आली, कागदावर लिहिलेलं सगळं मी खूण करत करत पार पाडलं. संध्याकाळी थोरलीनं विचारलं की आबा, तुमच्या लहानपणी होळीला पिचकारी तरी होती का. तिथे माझी जीभ सुटली. मी त्यांना चाकोल्या सांगितल्या. गाईच्या शेणात मूठभर भुसा मळायचा, बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या थापायच्या, मधोमध भोक पाडायचं, चकत्यांबरोबर चंद्र, सूर्य, पोळपाट, बेलणं असले आकार करायचे, वाळले की सुतळीत ओवायचे. घरातल्या प्रत्येक पोराचा एक हार. तो पोरावरून ओवाळायचा आणि होळीत टाकायचा, की वर्षाची इडापिडा जळाली.

सांगता सांगता मला जऊळक्याचं आपलं अंगण दिसायला लागलं. तू पदर खोचून उकिडवी बसली आहेस, पुढ्यात शेणाचा गोळा, बाजूला फुटक्या घमेल्यात पाणी. मी नुकताच मोठ्या शाळेत जायला लागलेलो, नाकाला रुमाल लावून लांब उभा आहे, आणि असल्या घाणीत मी हात घालणार नाही असं तुला ऐकवतो आहे. तू मान वर करत नाहीस. "शेणानं सारवलेल्या घरात झोपाले लाज नाही वाटत तुले," तू म्हणतेस, "अन् शेणाले हात लावाले वाटते काय?" मी मुकाट्यानं बसतो. माझा पहिला चंद्र भाकरीच्या तुटक्या कोपऱ्यासारखा होतो. तू तो मोडत नाहीस, तुझ्या चंद्राशेजारी वाळत ठेवतेस.

तेच वाक्य मी दुसऱ्या दिवशी पोरांना ऐकवून पाहिलं. त्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची, पोरं दहा वाजता घरी आली होती. कॉलनीच्या टोकाला दूधवाल्याचा गोठा आहे तिथून मी बादलीभर ताजं शेण आणलं होतं. थोरलीनं नाक मुरडलं तेव्हा मी तुझ्याच सुरात सारवलेल्या घराचं म्हणालो. तिनं खाली पांढऱ्या फरशीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तुझं वाक्य तिथेच पडलं. शेवटी ती हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून बसली. धाकटा चार मिनिटं लांब राहिला आणि पाचव्या मिनिटाला कोपरापर्यंत आत होता. थोरलीनं चांदण्या केल्या आणि एक मोबाईल केला. धाकट्यानं डायनोसॉर केला, पोटात भोक पाडून. होळीत डायनोसॉर कशाला, मी विचारलं. त्याची पण इडापिडा असते, म्हणाला. मी ते भोक सुतळीपुरतं मोठं करून दिलं.

चाळीसेक चाकोल्या झाल्या. मी गच्चीत जुन्या चादरीवर त्या मांडल्या आणि मांडून झाल्यावर आठवलं की तू हे काम होळीच्या आठ-दहा दिवस आधी काढायचीस. होळी दुसऱ्या दिवशी होती. तरी चैत्राच्या तोंडचं ऊन आहे, निघेल काम, असं मनाला समजावत होतो तोच आभाळ भरून आलं आणि बोरांएवढ्या गारा पडल्या. आम्ही तिघांनी चादर उचलून पळापळ केली. धाकटा रडायला लागला की माझा डायनोसॉर ओला झाला. आणि थोरली, जी अगदी आईवर गेली आहे, शांतपणे म्हणाली की मम्मी बिस्किटं वाळवायची असली की ओव्हन शंभरवर लावते.

मी लगेच हो म्हणालो नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. पाच मिनिटं मी विचार केला. पण तो विचार कसा, तर गोवरी होमात चालते, शेण पंचगव्यात चालतं, गावाकडे पूजेची जागा शेणानंच सारवतात, मग ओव्हनला काय धाड भरली आहे. आपल्या लोकांचा हा जुना रोग आहे, माय. एखादी गोष्ट एकदा पवित्र म्हटली की ती कुठेही ठेवायला आपण मोकळे. शिवाय मी खाली कागद घातला होता. तोही लोणी न लागलेला, कोरा.

पहिली खेप झकास निघाली. चाकोल्या बिस्किटांसारख्या खणखणीत झाल्या आणि वास म्हणावा तर गोठ्यात उभं राहिल्याइतकाच. यश माणसाला बिघडवतं. दुसऱ्या खेपेला मी घाई केली, आकडा शंभरचा दोनशे केला आणि पोरांना जेवायला वाढायला गेलो. परत आलो तर काचेच्या दाराआड काही दिसत नव्हतं. दार उघडलं आणि धुराचा जो लोट निघाला तो स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून कॉलनीत गेला. शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि काकाजी, मच्छरसाठी धूर केला का, म्हणाल्या. मी हो म्हणालो. कोणतं औषध टाकलं, भलतंच जोरदार दिसतं, असं विचारून त्यांनी स्वतःसाठीही थोडं मागितलं. मी म्हणालो संपलं.

मग धुणं सुरू झालं. डझनभर लिंबं, खायचा सोडा, भांड्यांचा साबण, शेवटी मुलाची दाढीनंतर लावायची बाटली. पेटी आतून लख्ख झाली, पण वास काही केल्या जाईना. फक्त आता तो लिंबू लावलेल्या शेणाचा वास होता. तिघं फरशीवर बसलो आणि माझ्याच तोंडून निघालं की मम्मीला सांगायचं नाही. थोरलीनं नुसती मान डोलावली. धाकट्यानं विचारलं, दोन गाठ्या देतान का? गाठ्या म्हणजे साखरेच्या माळा, होळीच्या बाजारात सगळीकडे टांगलेल्या असतात. मी कबूल झालो. या दराचा व्यवहार मी आयुष्यात आधी एकदा केलेला आहे. तो तुला ठाऊक नाही.

मी दहा वर्षांचा असेन. धुळवडीचा दिवस, तू मामाकडे दुखवट्याला गेलेली आणि धाकटा भाऊ, चार वर्षांचा, माझ्या हवाली केलेला. त्याला देव व्हायचं होतं, चांदीचा. बापानं आत्याच्या लग्नाच्या पेटीला लावायला चंदेरी रंगाचा डबा आणून ठेवला होता. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत रंगवलं, डोळे आणि तोंड तेवढं सोडून. खरंच सुंदर दिसत होता. तू संध्याकाळी आलीस, दारात चांदीचं पोर उभं, आणि तू मटकन खाली बसलीस. कोणी केलं म्हणून विचारलंस, आणि मी पलीकडच्या घरच्या पोराचं नाव सांगितलं. रॉकेल आणि ज्वारीच्या पिठानं तू त्याला दोन दिवस घासलंस तरी आखाजीपर्यंत, चांगला दीड महिना, त्याच्या कानांमागे चांदी होती. पण आधी तू काय केलंस, तर गल्लीत उभी राहून त्या पोराच्या मायला जे जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. त्या बाईनं आपल्या पोराला दारातच बदडलं. तो ओरडून सांगत होता की मी नाही केलं. तुम्ही दोघी रोज ताकाची लोटी इकडची तिकडे करणाऱ्या, तीन वर्षं एकमेकींशी बोलला नाहीत. भावानं तोंड मिटून ठेवायला माझ्याकडून दोन गाठ्या घेतल्या. तो आता अकोल्याला असतो, पार टक्कल पडलंय, आणि अजूनही होळीला फोन करून माझ्या गाठ्या कुठे म्हणतो. तो मी होतो, माय. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी तीन महिने उशाशी बसलो होतो, तेव्हाही सांगितलं नाही.

होळीच्या दिवशी दुपारी मुलगा आणि सूनबाई आले. येताना मुलानं रस्त्याकडेची पळसाची फुलं पिशवीभर तोडून आणली होती, पोरांना रंग उकळायला. घरात शिरताच सूनबाईनं नाक वर केलं. मी म्हणालो गोठ्याकडून वारा आहे. ओळीनं टांगलेले चाकोल्यांचे हार बघून मात्र ती खूश झाली. पोरं धड होती, डोक्यावर केस होते, कागदावर सगळ्या खुणा होत्या. चहा घेताना ती मुलाला म्हणाली की बाबायनं लेकरं चांगली सांभायली, आणि उन्हाळ्याबद्दल दोघं हळू आवाजात बोलायला लागले. मी जिंकलो होतो. मग ती उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या वाढदिवसाचा केक तिनं ओव्हनमध्ये ठेवला.

अर्ध्या तासानं केक बाहेर आला, फुललेला, सोनेरी, आणि घरभर गोठा पसरला. सूनबाईनं एक कोपरा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं लोण्याचा डबा उघडून हुंगला. मग फोन लावला, चौकातल्या डेअरीवाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "भाऊ, लोणी कसं देल्लं तुमी मले? आख्ख्या केकाले वास येऊन राह्यला." तो बिचारा तिकडून गयावया करत होता की वहिनी, आजचंच हाये, ताजं हाये, लेकराची आण घेऊन सांगतो. थोरली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. साक्षीदार खोटं बोलण्याआधी कसा भिंतीकडे बघतो ते मी तीस वर्षं पाहत आलो, आणि त्या वेळी मी भिंतीवरच्या फोटोतल्या टकल्या नातवाकडे बघत होतो. मला त्या पलीकडच्या पोराचा आवाज ऐकू आला, मी नाही केलं म्हणणारा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लोण्याचा कसूर नाही, सूनबाई. ओव्हनात म्या शेण वाळवलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओव्हनकडे पाहिलं, हारांकडे पाहिलं आणि फक्त किती वेळ म्हणून विचारलं. मी म्हणालो घंटाभर. धाकटा पुढे झाला आणि म्हणाला की दोन खेपा लावल्या, दुसरीला धूर बी निंगाला. दोन गाठ्या खाऊन फितूर झालेला असा साक्षीदार मी जन्मात पाहिला नाही. तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनमधून आवाज आला, कारण डेअरीवाला सगळं ऐकत होता. "वहिनी, चाकोल्या उरल्या असतीन तं माह्या पोरायसाठी दोन हार ठेवजा. आजकाल कोनी करत नाही." सूनबाईनं फोन ठेवला.

केक तिनं पुन्हा केला, प्रेशर कुकरमध्ये, तळाला मीठ घालून, जसा ती ओव्हन घेण्याआधी करायची. संध्याकाळी चौकातल्या होळीपाशी मी पोरांवरून हार ओवाळून टाकले. डायनोसॉर सगळ्यात उशिरा पेटला. धाकट्यानं एवढी बोंब मारली की मला माझ्या पुकाऱ्याचा अभिमान वाटायचा तो गेला. डेअरीवाला पोरांना घेऊन आला होता, त्याला त्याचे दोन हार दिले. त्यानं मला नमस्कार केला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. अंगणात पळसाच्या केशरी पाण्याचं घमेलं, पोरांनी मला खुर्चीत बसवून तांब्या तांब्यानं भिजवलं, मुलाला नळाखाली धरलं, आपल्या आईला दोघांनी मिळून हिरवा रंग फासला. हसता हसता ती माझ्यासमोर येऊन थांबली. हिरव्या तोंडानं निकाल देणारा न्यायाधीश मी पहिल्यांदाच बघत होतो. "बाबा, उन्हायात पोरं धनजलेच जातीन," ती म्हणाली. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. माझ्या डोळ्यांत रंग गेला होता, असं मी नंतर मुलाला सांगितलं. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "अन् तुमी बी त्यायच्यासंगं. माह्या मायच्या नजरेखाली राहा तिघं बी."

महिनाभर व्याह्याच्या घरी जाऊन राहणारा माणूस आपल्या खानदानात आजवर झाला नाही. तू असतीस तर मला उंबरा ओलांडू दिला नसतास. व्याहीणबाई कडक आहेत, दुपारी सगळ्यांना सक्तीनं झोपवतात, आणि मी मुलांच्या यादीत तिसरा आहे हे आता त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक झालं आहे. खरं बोललो म्हणून सूनबाई मला पोरांसोबत धाडते आहे, की मला एकट्याला ओव्हनजवळ ठेवायची तिला भीती वाटते, ते मी विचारलं नाही. ओव्हन, तुला सांगायचं राहिलं, दुरुस्तीवाल्यानं मागून उघडला तेव्हा आत तारांमध्ये एक चांदणी अडकलेली निघाली. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि हे काय ते कोणी त्याला सांगितलं नाही.

पोरांच्या परीक्षा पुढच्या आठवड्यात संपतात. हे सगळं मी या वहीतच ठेवतो, तुझ्यापर्यंत पोचायची दुसरी काही वाट नाही. एक मात्र सांगायला हवं. काल व्याहीणबाईंचा फोन आला होता, त्यांनी सूनबाईमार्फत मला विचारलं की सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतं का. ऐन वैशाखात, धनजच्या उन्हात. माय, तुला माहीत आहे, मी जन्मभर गार पाण्यानं अंघोळ केली आहे. पण चार वर्षांत मला काय लागतं हे कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो.